बाईंचा गुरुवार

चूक एका अंगठ्याची होती, आणि तो अंगठा माझा होता.

रविवारी दुपारी कुर्डुवाडीत घराच्या पायरीवर बसून मी सोहेबला बोलून मेसेज पाठवला. सोहेब माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं जुनी गाडी विकत घेतली होती आणि सोमवारी उजनीच्या कडेला मासे खायला जायचं आमचं ठरलं होतं. मेसेज असा होता : "भावा, उद्या पक्कं. बाईंना पोट बिघडलंय म्हणून सांगतो. दोन शिक्षकी शाळा, एक जण असला की भागतं. आणि आमच्या बाई काय, शाळेला खिळा ठोकल्यागत असतात. वस्तीवर विचारतंय कोण!" शेवटी मी हसलो होतो. त्या हसण्यानंच पुढं घात केला.

मेसेज सोहेबला गेलाच नाही. तो गेला 'बिराजदार वस्ती शाळा पालक' या ग्रुपवर. माझ्या लक्षात आलं तेव्हा तिघांनी ऐकला होता. मी घाईघाईनं पुसायला गेलो, तर 'सगळ्यांसाठी'च्या जागी 'माझ्यासाठी' दाबलं. माझ्या फोनवरून मेसेज गायब झाला आणि बाकी सगळ्यांच्या फोनवर ठणठणीत राहिला. आता तो मला पुसताही येईना आणि ऐकताही येईना. लोकांना मात्र दोन्ही कानांनी ऐकू येत होता. संध्याकाळपर्यंत तो फिरत फिरत खुद्द सोहेबकडं पोचला.

"क्या रे मास्तर," त्याचा फोन आला, "मेरेकू भेजने का था तो सीधा भेजना था ना. आधा जिल्हा घूम के आया!"

मी अभिमन्यू. शिक्षणसेवक आहे. म्हणजे काम शिक्षकाचं आणि भरवसा कशाचाच नाही. तीन वर्षं डाग न लागता काढली तर नोकरी कायम. मला तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. शाळा वळसंगच्या पुढं, अक्कलकोट रस्त्यावरून आत गेलं की बिराजदार वस्ती, तिथली. दोन खोल्या, पहिली ते चौथी, आणि शिक्षक दोन. एक मी. दुसऱ्या कमलम्मा बाई. त्या मुख्याध्यापिका, त्याच कारकून, आणि पोरं पांगल्यावर झाडू हातात घेणाऱ्याही त्याच.

दोन शिक्षकी शाळेचा एक नियम असतो. दोघांनी एकाच दिवशी गैरहजर राहायचं नाही. आमच्याकडं तो नियम एका किल्लीत होता. शाळेची किल्ली एकच. ज्याला उद्या रजा, त्यानं आज संध्याकाळी किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची. किल्ली ज्याच्याकडं, त्याला ताप येऊ शकत नाही, त्याचा नातेवाईक मरू शकत नाही, त्याची एसटी चुकू शकत नाही. मी येऊन दीड वर्ष झालं होतं. त्या काळात मी किल्ली किती वेळा बाईंच्या हातात दिली ते मोजलेलं नाही. त्यांनी माझ्या हातात कधी दिली, ते आठवायला मला बराच वेळ लागला असता.

सोमवारी मासे राहिले बाजूला. पहाटेच्या गाडीनं सोलापूर गाठलं, तिथून एसटीनं वळसंग, पुढं दुधाच्या गाडीतून वस्ती. पोट आता खरोखरच बिघडलं होतं. शाळेच्या फाटकाला नवं कोरं कुलूप लावलेलं, आणि कुलपाशेजारी बाळासो.

बाळासो शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. त्याचं दूध संकलन केंद्र शाळेच्या समोरच. त्याची मुलगी आमच्याकडं दुसरीत, म्हणून तो पालक, आणि पालक म्हणून अध्यक्ष. मुलगा मात्र रोज सकाळी पिवळ्या गाडीत बसून सोलापूरच्या इंग्रजी शाळेत जायचा. मुलीच्या शाळेवर लक्ष ठेवायचं आणि मुलाच्या शाळेची फी भरायची, असं त्याचं घरातल्या घरात चोख वाटप होतं.

"या की गुरुजी," बाळासो म्हणाला. "पोट काय म्हणतंय? मासं पचलं का?"

"खाल्लेच नाहीत अजून," मी म्हणालो. अशा वेळी गप्प बसायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मागची चार-पाच माणसं हसली, आणि मग आपण हसलो म्हणून जास्तच चिडली. एकजण म्हणाला, फुकटचा पगार. दुसरा म्हणाला, सगळे मास्तर सारखेच. तेवढ्यात रस्त्यावर वडापची जीप थांबली आणि बाई उतरल्या. पोरं पळत जाऊन त्यांना चिकटली. बाईंनी एकदा कुलपाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"पोट बरं हाय का सर?" त्या म्हणाल्या. एरवी मला 'अरे अभी' म्हणतात. 'सर' म्हणाल्या की समजायचं, आपलं संध्याकाळी काही खरं नाही. मग त्या बाळासोकडं वळल्या. "कुलूप कुणाचं?"

"गावाचं."

"आणि किल्ली?"

"माझ्याकडं हाय."

"मग सगळं गाव तुझ्या खिशात हाय म्हण की."

"बाई, तुमच्यावर राग न्हाय आमचा," बाळासो म्हणाला. "पर मास्तर लोकांनी लई मांडलंय. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, रविवार हाईच, आणि वर परत रजा. आमची गुरं घेत्यात का सुट्टी?"

"तुझी गुरं चौथीची परीक्षा देत्यात का?"

"तसं न्हवं बाई..."

"तसं न्हाय तर कसं? या पोरानं चूक केली. त्याचं कान मी धरते. शाळेला कुलूप लावून तू कुणाचं कान धरलास? ह्यांचं?" बाईंनी पोरांकडं बोट दाखवलं. "येनप्पा, काय रे, बोल की."

बाळासोनं कुलूप काढलं नाही. बाईंनी पिशवी खाली ठेवली, पोरांना रस्त्याकडेच्या लिंबाखाली ओळीनं बसवलं आणि पाढे सुरू केले. मलाही सांगितलं, "तू ती बाजू घे." मी ती बाजू घेतली. येणारे-जाणारे मोटरसायकलवाले थांबून बघत होते. त्यातल्या एकानं व्हिडिओ काढला. माझी प्रसिद्धी वाढतच होती.

कुलूप शेवटी काढायला लावलं ते सोजरबाईनं. सोजरबाई शाळेत खिचडी शिजवते. ती आली, फाटक हलवलं, आणि तिथूनच ओरडली, "आरं बाळ्या, माझा तांदूळ आत हाय! डाळ आत हाय, गॅस आत हाय! पोरं दुपारी काय तुझं कुलूप खाणार हैत?" पोरांच्या आया गोळा व्हायला लागल्या. आंदोलनाला दुपारच्या जेवणाची अडचण येईल हे बाळासोच्या ध्यानात आलं नव्हतं. कुलूप निघालं.

पण जाताना बाळासोनं दोन अटी घातल्या. एक, रोज सकाळी दोन्ही शिक्षकांनी फळ्यासमोर उभं राहून फोटो ग्रुपवर टाकायचा. दोन, दिवाळीपर्यंत दोघांपैकी कुणी रजा घ्यायची नाही. मी दोन्हींना मान हलवली. माझी मान त्या दिवशी कशालाही हलली असती.

"फोटो घे," बाई म्हणाल्या. "पण रजेचं तू ठरवू नको. मला महिन्यातला एक गुरुवार लागतो. तो मी घेणार."

"बघू," बाळासो म्हणाला.

"बघू म्हणायला तू डॉक्टर हाईस का?"

तो गुरुवार काय होता, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आधी कान धरले गेले, ते सांगत नाही. मग बाई म्हणाल्या, "अभी, हे वाच," आणि हातातला कागद माझ्याकडं दिला. साधा छापील कागद होता, कुठल्या तरी माहितीचा. मी म्हणालो, "अक्षरं मोठी आहेत की बाई." त्या म्हणाल्या, "डाव्या डोळ्यानं मधलं दिसत न्हाय मला. कडेचं दिसतंय."

बाईंना साखर आहे, हे मला माहीत होतं. ती डोळ्यापर्यंत गेली होती, हे माहीत नव्हतं. पडद्यावर रक्त उतरत होतं. हैदराबादचे एक डॉक्टर महिन्यातून एका गुरुवारी सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात येतात. त्यांनी डोळ्यात इंजेक्शन द्यायचं ठरवलं होतं. दुसरीकडं दाखवा म्हटलं की बाई भांडायला उठायच्या. त्याच डॉक्टरनं त्यांच्या सासूचा डोळा वाचवला होता, त्यामुळं जगात डोळ्याचा डॉक्टर तो एकच.

आधीचे दोन गुरुवार गेले होते. पहिल्या गुरुवारी मतदार याद्यांचं काम आलं. घरोघर फिरून कोण मेलं, कोण लग्न होऊन गेली, हे बाईंनी लिहून आणलं, एका डोळ्यानं. दुसऱ्या गुरुवारी प्रशिक्षण. विषय होता, मुलांचं आरोग्य कसं तपासावं. त्यात डोळे तपासण्याचाही एक तास होता म्हणे. बाई तिथं बसून मुलांचे डोळे कसे तपासायचे ते शिकल्या.

आता इथं मला जरा चिडू द्या.

रजा घेणारे शिक्षक नाहीत, असं मी म्हणणार नाही. मी एक होतो. माझ्या ओळखीत शाळेच्या वेळात प्लॉट दाखवत फिरणारे आहेत, सोमवारी येऊन पुढच्या शुक्रवारपर्यंतच्या सह्या करून जाणारे आहेत, आणि त्यांच्या गावात कुलूप लागत नाही, कारण ते अध्यक्षाला गाडीवर बसवून सोलापूरला नेतात. त्यांच्यावर राग धरायला गावाला वेळ नाही. पण खुर्ची रिकामी राहते ती एवढ्यानंच नाही. याद्या, सर्वेक्षणं, शौचालयं मोजणं, आजच्या आज माहिती पाठवणं, प्रशिक्षणं, प्रशिक्षण कसं झालं याची माहिती देण्यासाठी पुन्हा बैठका. या दिवसांना कागदावर रजा म्हणत नाहीत, कर्तव्य म्हणतात. पहिलीतल्या पोराला काय फरक पडतो? तो आपला दाराकडं बघत बसतो. खुर्ची कर्तव्यानं रिकामी झाली की मासे खाण्यानं, हे त्याला कळत नाही, आणि त्याच्या आईबापाला कुणी सांगत नाही. ते सरळ म्हणतात, बाई रजेवर.

बाईंना हे सगळ्या नोकरीभर म्हटलं गेलंय. त्या अक्कलकोटच्या पलीकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. "मराठी मी शिकवता शिकवता शिकले," असं स्वतःच सांगतात. पहिल्या शाळेतल्या पोरांनी त्यांच्या चुका काढल्या, त्या त्यांनी पाटीवर लिहून घेतल्या. नवरा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागांवर देखरेख करतो. मुलगी पायल लहान असताना तिला ताप आला की बाई तिला घेऊनच शाळेत यायच्या आणि वर्गात बसायच्या पट्टीवर झोपवायच्या. पायल एकदा मला म्हणाली होती, "माझ्या शाळेच्या पालक सभेला आई कधीच आली नाही सर. तिची त्या दिवशी दुसऱ्यांच्या पालकांची सभा असायची." आता पायल पुण्यात नर्सिंग शिकते. ती हे हसून सांगते. मला ते हसू बघवलं नव्हतं.

बाईंचे वडील गेले तेव्हाची गोष्ट सोजरबाईनं सांगितली. बाई चौथ्या दिवशी शाळेत आल्या. डोळे सुजलेले. फाटकात एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, "लई दिवस सुट्टी झाली की बाई." बाईंनी त्याला काय उत्तर दिलं, ते सोजरबाई सांगत नाही. म्हणते, कानडीत हुतं, मला काय कळतंय. पण तिला कानडी माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

तर या वेळचा गुरुवार जायला नको होता. मी बाईंना म्हणालो, "तुम्ही जा. बाळासोचं मी बघतो."

"तू काय बघणार? तुझं तोंड ग्रुपवर हाय अजून."

तरी त्या जाणार होत्या. रजेचा अर्ज दिला होता, मंजूरही झाला होता. बुधवारी दुपारी त्यांनी आपल्या पहिली-चौथीच्या पोरांना गुरुवारचं सगळं समजावून दिलं आणि मला माझ्या ताब्यातली माकडं कशी सांभाळायची ते समजावलं. चार वाजता किल्ली पिशवीतून काढली. काळ्या दोऱ्यात ओवलेली, दोऱ्याला जुनं फुटकं बटण. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझा फोन वाजला.

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातून होता. "अभिमन्यू सर का? त्या क्लिपची तुमच्या अध्यक्षांची लेखी तक्रार आलीय. साहेबांनी खुलासा मागितलाय. उद्या अकराला समक्ष हजर राहायचं."

"उद्या नको ना. परवा येतो," मी म्हणालो. "दोन शिक्षकी शाळा आहे. बाईंची रजा आहे."

"तारीख साहेबांनी दिलीय. मी काय करू?"

"मग उद्या इकडं दुसरं कुणी द्या."

"शेजारच्या शाळेतले एक रजेवर हैत, दुसरे कामावर हैत. बघा तुमचं तुम्ही." फोन ठेवला.

बाई ऐकत होत्या. मी म्हणालो, "मी जात नाही. काय व्हायचं ते होईल."

"काय व्हायचं ते तुझं होईल, माझं काय जातंय?" बाई एकदम तापल्या. "खुलाशाला गेला न्हाईस तर लिहितील गेला न्हाय म्हणून. तीन वर्षं व्हायची हैत तुझी. कुर्डुवाडीत बाप काय सांगंल लोकांना? मासं खायला नोकरी घालवली म्हणून?"

"मग एक दिवस शाळा बंद ठेवू. बाळासोला विचारतो."

विचारलं. बाळासो दुधाच्या कॅनवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "गुरुजी, तुमच्यामुळं तर हे सगळं. आता बंद ठिवली तर लोक मला धरतील. अन् फोटो कोण टाकणार?" मी सांगितलं, बाईंच्या डोळ्याचं आहे. तो म्हणाला, "व्हय, पर पुढच्या महिन्यात बी येतंय की डॉक्टर."

मी परत आलो. बाईंनी हात पुढं केला. मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती पिशवीत टाकली, तळाशी, डब्याच्या खाली.

"साकु," त्या म्हणाल्या. म्हणजे पुरे. आणि वडापच्या रस्त्याला लागल्या.

गुरुवारी मी अकराच्या आधीच कार्यालयात. इस्त्रीचा शर्ट, खुलासा दोन प्रतींत. दारात एक शिपाई मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

"साहेब?"

"न्हाईत."

"कधी येतील?"

"आज रजेवर हैत."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. त्यानं तेच सांगितलं. मी आतल्या कारकुनाकडं गेलो, ज्यानं काल फोन केला होता. म्हणालो, तारीख साहेबांनी दिलीय म्हणाला होतात. तो म्हणाला, "हो, साहेबांनीच दिली. मग रात्री साहेबांचं ठरलं."

"काय ठरलं?"

"ते मी कसं विचारणार?"

"मग माझा खुलासा घ्या, पोच द्या, मी जातो. दुपारपर्यंत शाळेत पोचतो."

"समक्ष म्हटलंय. बसा. कदाचित चक्कर मारतील."

मी बसलो. नाही बसलो तर 'आला नाही' असं लिहितील, ही भीती. दुपारी शिपायाला दया आली. चहा पाजला आणि म्हणाला, "सर, तुमी नवं हाईसा. साहेबाला रजा नसती. आज न्हाईत, पण उद्या आल्यावर तो दौरा हुतोय." एवढं शहाणपण मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच वेळी माझ्या मोबाइलवर ग्रुपचा मेसेज आला. सकाळच्या फोटोत बाई एकट्याच फळ्यासमोर उभ्या होत्या, आणि खाली बाळासोनं लिहिलं होतं, 'दुसरे गुरुजी कुठे?' तक्रार त्याचीच, सुनावणी त्याच्याच तक्रारीची, आणि विचारणाराही तोच. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. जे लिहिलं होतं ते पाठवलं असतं तर दुसरा खुलासा द्यावा लागला असता.

कार्यालय बंद होईपर्यंत साहेब आले नाहीत. कारकून म्हणाला, कळवतो. आजपर्यंत कळवलेलं नाही. माझा खुलासा माझ्याच बॅगेत आहे, दोन प्रतींत.

शुक्रवारी बाईंना सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील, कानडीत काहीतरी येईल. त्यांनी फळा पुसला, हात झटकले आणि म्हणाल्या, "चहा तरी दिला का?"

"दिला."

"मग नशीबवान हाईस." आणि मग, पोरांकडं वळता वळता, "ह्या साहेबाच्या दाराला कुणी कुलूप लावत न्हाय बघ."

पुढच्या महिन्यात त्या गेल्या. या वेळी किल्ली आठवडाभर आधी माझ्याकडं होती आणि माझा फोन आदल्या दिवशी दुपारपासून बंद होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. आणि सांगितलं, उशीर केलात. मधलं जे गेलं ते आता येणार नाही, राहिलेलं सांभाळायला दर महिन्याला यावं लागेल. बाईंनी मला हे दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सांगितलं. शेंगाचटणी भाकरीवर पसरत, आज भाजी आणली नाही हे सांगावं तसं.

त्या दिवसापासून बाई फळ्यावर लिहिताना मान वळवून उजव्या डोळ्यानं बघतात. तरी अक्षरावर अक्षर चढतं. पहिलीतली पोरं आधी हसायची. आता त्यांनी आपोआप ठरवलंय, अक्षरं चिकटली की एकजण उठतो, मधलं पुसतो, जागेवर जाऊन बसतो. बाई म्हणतात, "शाब्बास." मी दारातून बघतो आणि माझ्या वर्गात जाऊन विनाकारण ओरडतो.

बाळासोही आला होता. त्याला बायकोनं सांगितलं असावं. नारळपाण्याची बाटली घेऊन आला. म्हणाला, "बाई, एवढं सीरियस हाय म्हणून सांगायचं न्हाय का?"

बाई उत्तरपत्रिका तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "या सरांनी सांगितलं हुतं तुला. दुधाच्या कॅनपाशी."

"तसं न्हवं, मला वाटलं..."

"काय वाटलं? बहाणा?"

बाळासोनं माझ्याकडं पाहिलं. मी मदत केली नाही. खरं तर त्याला तसं का वाटलं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या गावात पोट बिघडल्याची थाप मीच मारली होती. त्यानंतर खरा डोळा कोण मानणार? ही गोष्ट बाईंनी मला कधी बोलून दाखवली नाही. दाखवली असती तर बरं झालं असतं.

"फोटो बंद करू का आता, बाई?" बाळासोनं विचारलं.

"का? चालू दे की. तुझ्या पोराच्या इंग्रजी शाळेत बी चालू कर. तितलं मास्तर कितवी पास हाय ते बी विचार." मग बाईंनी बाटली त्याच्या हातात परत दिली. "मला साखर हाय. पोरीला दे. ती आज दोन दिवस आली न्हाय शाळेत. तिची रजा कुणी मंजूर केली?"

बाळासोची मुलगी दूध केंद्रावर पावत्या फाडायला बसवलेली होती. ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली.

या महिन्याचा गुरुवार माझ्याकडं होता. मीच म्हणालो होतो, "बाई, दर महिन्याचा गुरुवार माझा. काहीही होऊ दे. तुमचा एक दिवस माझ्याकडं राहिलाय, तो असा फेडतो." त्या म्हणाल्या, "फेड की. लई आनंद हाय." आणि बुधवारी दुपारी आदेश आला. नव्या शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण, सोलापुरात, हजेरी सक्तीची. मी फोन केले. तीन ठिकाणी केले. शेवटी केंद्रप्रमुख म्हणाले, "अरे, आधीच तुझं ते प्रकरण मिटलेलं नाही." किल्ली बाईंनी माझ्याकडून मागितली नाही. मीच दिली.

तर आज गुरुवार आहे आणि मी सोलापुरात एका सभागृहात मागच्या रांगेत बसून हे लिहितोय. दवाखाना इथून चालत जाण्याइतका जवळ आहे. हैदराबादचे डॉक्टर आत्ता तिथं असतील. समोर पडद्यावर लिहिलंय, 'शाळेतील शिक्षकांची उपस्थिती वाढवण्याचे उपाय'. बोलणारे सर आम्हाला गटात बसून उपाय लिहायला सांगतायत. जिल्ह्यातल्या किती शाळा आज या उपायासाठी एका माणसावर चालल्या असतील ते त्यांना विचारावं, असं माझ्या जिभेच्या टोकावर आहे. नोकरी कायम व्हायला अजून वेळ आहे म्हणून ते टोकावरच आहे.

आत्ताच ग्रुपवर फोटो आला. बाई फळ्यासमोर एकट्या, मान थोडी वळलेली. खाली अंगठे सुरू झाले. पहिला बाळासोचा.

आणि त्याच्यामागून मला एकट्याला बाईंचा आवाज. मागं पोरांचा गोंगाट आणि सोजरबाईचं ओरडणं. "अरे अभी, तितला चहा बरा हाय का? हितं सगळं ठीक हाय. तुझी माकडं माझ्याच वर्गात बसवलीत. आणि ऐक, माझा गुरुवार तुझ्याकडं हाय बरं का अजून. इसरू नको."

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. "हो बाई, पुढच्या महिन्यात नक्की," असं फोनमध्ये बोललो. बोलताना आवाज विचित्र झाला, म्हणून पुन्हा बोललो. मग पाठवायच्या आधी वरचं नाव वाचलं. कमलम्मा बाई. परत एकदा वाचलं. मग पाठवलं.